लघवीच्या रिपोर्टवरचं जंतूचं नाव: रुग्णालयातलं युरिन इन्फेक्शन समजून घेताना

पेशंट भरती होतो खुब्याचं हाड मोडलं म्हणून. ऑपरेशन नीट पार पडतं. पाचव्या दिवशी ताप येतो, लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जाते आणि दोन दिवसांनी हातात कागद पडतो: 'क्लेब्सिएला न्युमोनी, एक लाखापेक्षा जास्त'. त्याखाली अँटिबायोटिकांची वीसेक नावं आणि निम्म्यांच्या पुढे 'आर'. नातेवाईक चक्रावतात. न्युमोनिया लघवीत कुठून आला? येताना काही नव्हतं, मग हे इथंच लागलं का? आणि इतकी औषधं चालत नाहीत म्हणजे आता काय?

न्युमोनियाचं कोडं लगेच सुटण्यासारखं आहे. हा जंतू आधी फुप्फुसाच्या आजारात ओळखला गेला, म्हणून ते नाव. त्याचा नेहमीचा मुक्काम माणसाच्या आतड्यात असतो. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र थोडं मागून यावं लागतं, म्हणजे लघवीच्या नळीपासून.

नळी घातली की काय बदलतं

मूत्राशयाचं मुख्य संरक्षण अगदी साधं आहे: ते भरतं आणि पूर्ण रिकामं होतं. मूत्रमार्गातून वर चढू पाहणारे जंतू दर वेळी धारेबरोबर बाहेर फेकले जातात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण २० सेंटिमीटरचा. म्हणून एरवी हा त्रास स्त्रियांना कितीतरी जास्त होतो.

कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घालून ठेवलेली लघवीची नळी, हे सगळं उलटंपालटं करते. वॉर्डात सर्रास वापरली जाते ती फोलीची नळी. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. नळी आत गेली की त्यात साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे ती निसटत नाही. पण लघवी आत शिरण्याचं छिद्र त्या फुग्याच्या वर असतं. त्यामुळे फुग्याच्या आजूबाजूची थोडी लघवी कायम तिथंच साचून राहते. धार बंद, डबकं सुरू.

जंतू दोन वाटांनी वर येतात. एक, नळीच्या बाहेरच्या बाजूने, नळी आणि त्वचा यांच्या फटीतून. ही वाट जास्त वापरातली. दुसरी नळीच्या आतून: पिशवीची तोटी, किंवा नळी आणि पिशवीचा जोड कुणी उघडला असेल तर तो. पूर्वी नळीचं टोक उघड्या भांड्यात सोडत आणि बहुतेक सगळ्या रुग्णांच्या लघवीत काही दिवसांतच जंतू होत. १९६०च्या दशकात बंद पिशवीची पद्धत रूढ झाली आणि हे लक्षणीय घटलं. घटलं, थांबलं नाही. नळी असताना लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के धरतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात.

आत पोचलेले जंतू लघवीत नुसते तरंगत बसत नाहीत. ते नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून थर बनवतात. याला बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न धुतलेल्या पाण्याच्या टाकीच्या आतून बोट फिरवलं तर जो बुळबुळीत थर लागतो, तो हाच प्रकार. या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि आतले जंतू इतके सुस्त असतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधं त्यांचं फारसं बिघडवत नाहीत. औषध चालू असेपर्यंत ताप उतरतो, बंद केलं की पुन्हा चढतो, हे चक्र अनेकदा या थरामुळेच फिरतं.

बाहेरचे जंतू वेगळे, वॉर्डातले वेगळे

घरी असताना होणाऱ्या साध्या युरिन इन्फेक्शनमध्ये चारपैकी तीन वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा एकच आरोपी असतो: ई. कोलाय. आतड्यात सुखाने राहणारा हा जिवाणू. त्याच्या काही जातींच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला मूत्राशयाच्या अस्तरावरची साखर पकडणारं प्रथिन. त्यामुळे धार जोरात असली तरी तो तग धरतो.

रुग्णालयातही ई. कोलाय बहुधा पहिल्या क्रमांकावरच असतो, पण त्याची मक्तेदारी संपते. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, एन्टरोकॉकस, प्रोटिअस, एन्टरोबॅक्टर यांचा वाटा वाढतो. अतिदक्षता विभागात असिनेटोबॅक्टरही दिसतो. याचं एक कारण नळीच. चिकटायला आयतं प्लॅस्टिक किंवा रबर मिळाल्यावर अस्तराला पकडण्याची खास हत्यारं लागत नाहीत, म्हणून एरवी मूत्राशयात टिकू न शकणारे जंतूही इथं टिकतात. दुसरं कारण अँटिबायोटिक. ऑपरेशनच्या वेळी, न्युमोनियासाठी, जखमेसाठी दिलेलं औषध आतड्यातल्या सौम्य वस्तीला झोडपतं आणि त्या औषधाला दाद न देणारे जंतू मोकळ्या जागेत पसरतात. काही दिवसांतच रुग्णाच्या आतड्यातली आणि जांघेतली वस्ती बदललेली असते. नळीच्या वाटेने चढतात ते बहुधा हेच, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरचे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जंतू नेणारी वाहनं दोन: न धुतलेले हात, आणि सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करायला वापरलेलं एकच भांडं.

प्रत्येकाचा स्वभाव थोडक्यात. क्लेब्सिएलाच्या भोवती जाड चिकट कवच असतं. प्रयोगशाळेतल्या प्लेटवर त्याचे ठिपके ओलसर, शेंबडासारखे वाढतात. प्रतिकाराचे जनुक गोळा करण्यात हा पटाईत. स्यूडोमोनासला ओलावा लागतो: बेसिन, नळाची तोंडं, ओली भांडी. नेहमीच्या वापरातली बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर मुळातच चालत नाहीत. एन्टरोकॉकस वेगळ्या गटातला. सेफॅलोस्पोरिन वर्गाच्या औषधांना (सेफ्ट्रिअॅक्सोन त्यातलंच) तो जन्मतःच दाद देत नाही. म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं चालू असताना लघवीत एन्टरोकॉकस उगवला तर आश्चर्य नको. त्या इंजेक्शनांनीच त्याला रान मोकळं करून दिलेलं असतं.

लघवीत स्टॅफिलोकॉकस ऑरिअस सापडला तर डॉक्टरांनी थबकावं. तो कधी कधी खालून चढलेला नसतो, तर रक्तातून मूत्रपिंडात उतरलेला असतो. मग रक्ताचं कल्चर आणि मूळ ठिकाणाचा शोध घ्यावा लागतो. कॅन्डिडा हा जिवाणू नव्हे, बुरशी आहे. नळी असलेल्या आणि भरपूर अँटिबायोटिक मिळालेल्या रुग्णांत तो सर्रास सापडतो आणि बहुतेक वेळा नळी काढणं एवढंच पुरतं.

नळी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर

प्रोटिअसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो इन्फेक्शन म्हणून कमी आणि तुंबलेली नळी म्हणून जास्त भेटतो. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर असतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. लघवीतल्या युरियाचं ते अमोनियात रूपांतर करतं. एरवी किंचित आम्लधर्मी असणारी लघवी अल्कधर्मी होते. रिपोर्टवर पीएच ८ किंवा त्याहून जास्त दिसतो. अशा लघवीत मॅग्नेशिअम, कॅल्शिअम आणि फॉस्फेट विरघळलेले राहू शकत नाहीत. त्यांचे स्फटिक बनतात आणि आधीच चिकटलेल्या बायोफिल्ममध्ये अडकतात. काढलेली नळी टोकाशी दाबून पाहिली तर आत वाळूसारखी करकर लागते आणि छिद्राभोवती पांढरट पापुद्रा दिसतो.

पुढचा घोटाळा ओळखायला सोपा आणि तरी सतत चुकणारा. आतून वाट बंद झाल्यामुळे लघवी नळीच्या बाजूने गळू लागते. पाहणाऱ्याला वाटतं नळी सैल आहे. मग जाड नळी घातली जाते किंवा फुग्यात आणखी पाणी भरलं जातं. दोन्हींचा उपयोग नाही. आधी पिशवीत लघवी उतरते आहे का, नळी कुठे पिळली आहे का, पोटाखाली मूत्राशय ताठ लागतंय का, हे पाहायचं. तुंबलेली असेल तर बदलायची. दर काही दिवसांनी तुंबत असेल तर प्रोटिअस आहे का आणि मूत्राशयात खडा झालाय का, हे दोन्ही शोधायचं. खडा आत असेल तोवर त्यातले जंतू औषधाने जात नाहीत.

जाता जाता एक चमत्कारिक गोष्ट: क्वचित कधी नळी आणि पिशवी चक्क जांभळी होते. नातेवाईकांची पाचावर धारण बसते. बद्धकोष्ठ असलेल्या, दीर्घकाळ नळी असलेल्या रुग्णांत लघवीतल्या एका टाकाऊ द्रव्यावर काही जंतू क्रिया करतात आणि निळा व लाल असे दोन रंग तयार होऊन प्लॅस्टिकमध्ये मुरतात. रंग स्वतः निरुपद्रवी आहे. नळी बदलायची वेळ झाली, एवढं मात्र तो सांगतो.

'एक लाख' हा आकडा येतो कुठून

प्रयोगशाळेत तारेचं एक कडं असतं, ज्यात एक मायक्रोलिटर लघवी मावते. म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. ते लघवीत बुडवून पोषक जेलीच्या प्लेटवर ओढतात आणि प्लेट रात्रभर ३५ ते ३७ अंशांना ठेवतात. सकाळी ठिपके मोजायचे. प्रत्येक ठिपका मूळच्या एका जंतूपासून वाढलेली वसाहत. १०० ठिपके म्हणजे १०० गुणिले १०००, एका मिलिलिटरमध्ये एक लाख. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो, हे पाहायला आणखी एक दिवस लागतो. म्हणून 'रिपोर्ट परवा' हे उत्तर टाळाटाळीचं नसतं.

एक लाखाची रेष १९५६ साली एडवर्ड कॅस या अमेरिकी डॉक्टरांनी मांडली. नमुना देताना आजूबाजूच्या त्वचेवरचे जंतू मिसळतातच. तेवढे वगळून खरे जंतू ओळखता यावेत हा हेतू. म्हणजे हा आकडा मुळात नळी नसलेल्या, स्वतः नमुना देणाऱ्या स्त्रियांसाठीचा होता. नळीतून स्वच्छपणे घेतलेल्या नमुन्यात, लक्षणं असतील तर, एक हजारही पुरेसे धरतात. उलट लक्षणं नसतील तर दहा लाखांनीही इन्फेक्शन सिद्ध होत नाही.

नमुना चुकीचा असेल तर पुढचं सगळंच वाया. सर्वांत मोठी चूक म्हणजे पिशवीतून लघवी घेणं. तिथं ती तासन्‌तास पडून असते आणि जंतू वाढत असतात. नमुना घ्यायचा तो नळीवरच्या नमुना-छिद्रातून: त्याच्या खाली थोडा वेळ चिमटा लावून ताजी लघवी साचू द्यायची, छिद्र स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, निर्जंतुक सिरिंजने ओढायचं आणि चिमटा आठवणीने काढायचा. नळी घालून दोन आठवडे उलटले असतील तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा, नाहीतर अहवाल मूत्राशयाऐवजी जुन्या नळीच्या थराचा येतो. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. नसेल जमत तर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवायची, तीही २४ तासांपेक्षा जास्त नाही. शरीराच्या तापमानाला, पोषक द्रवात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो; दोन तासांत एकाचे चौसष्ट. टेबलावर विसरलेल्या डबीत हा वेग कमी असतो, पण शून्य नसतो. तीन किंवा जास्त प्रकारचे जंतू एकत्र उगवले तर बहुधा नमुनाच दूषित झालेला असतो आणि तो पुन्हा पाठवावा लागतो.

जंतू सापडले, मग औषध का नाही?

नातेवाईकांना सगळ्यात न पटणारा भाग हाच. लघवीत जंतू असणं आणि इन्फेक्शन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतूंची वस्ती होणारच. जोवर ते ऊतींवर हल्ला करत नाहीत तोवर तो आजार नाही. आजार ओळखायचा तो लक्षणांवरून: ३८ अंशांच्या वर ताप, थंडी वाजून येणं, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, नळी काढल्यानंतर जळजळ आणि वारंवार लागणं.

'पण लघवी गढूळ आहे, वास मारतोय.' नळी असताना हे नेहमीचंच. कमी पाणी पिणं, स्फटिक, नुसती जंतूंची वस्ती, सगळ्यांनी होतं. तेवढ्यावरून कल्चर पाठवू नये.

'पू पेशी भरपूर आहेत.' नळीच्या घर्षणानेही त्या वाढतात. पू पेशी मुळीच नसतील तर इन्फेक्शन नसण्याकडे कल झुकतो, पण असल्या म्हणजे इन्फेक्शन आहेच असं होत नाही. लघवीत बुडवायच्या पट्टीवर नायट्राइट, म्हणजे काही जंतू लघवीत बनवतात ते द्रव्य, शोधतात; ती तपासणीही अशीच अर्धवट: एन्टरोकॉकस नायट्राइट बनवत नाही, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी तो आत असू शकतो.

'आजी कालपासून बरळतायत.' हा आक्षेप खरा अवघड. वृद्धांमध्ये इन्फेक्शनने भ्रम होऊ शकतो, पण तो पाणी कमी पडल्याने, सोडियम घसरल्याने, झोपेच्या किंवा वेदनेच्या औषधाने, बद्धकोष्ठाने आणि नुसत्या जागाबदलानेही होतो. ताप नाही, दुखणं नाही, रक्तदाब ठीक आहे, तर आधी ही कारणं तपासावीत आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं. लघवीच्या कागदावर सगळं ढकललं की खरं कारण तसंच राहून जातं.

'दिलं औषध तर काय बिघडलं?' बिघडतं. नळी आत आहे तोवर जंतू परत येतातच, फक्त पुढच्या वेळी आणखी चिवट. शिवाय जुलाब लागतात. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे असतील तर ते जिवावरही बेततात. लक्षणं नसताना उपचार करण्याचे दोन ठरलेले अपवाद आहेत: गरोदरपण, आणि मूत्रमार्गाचं अस्तर दुखावणारी शस्त्रक्रिया तोंडावर असणं.

एस, आय, आर आणि शेजारचे आकडे

'एस' म्हणजे औषध नेहमीच्या मात्रेत चालेल. 'आर' म्हणजे चालणार नाही. 'आय' म्हणजे अर्धवट, असा सर्रास समज आहे. युरोपीय पद्धतीत २०१९ पासून त्याचा अर्थ 'मात्रा वाढवली तर चालेल' असा ठरवलेला आहे.

शेजारचा एमआयसीचा आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण. इथं हमखास गफलत होते: सगळ्यांत लहान आकडा शोधून 'हेच भारी औषध' असं ठरवलं जातं. एका औषधाचा १ आणि दुसऱ्याचा ८ यांची तुलनाच होत नाही, कारण प्रत्येक औषधाची उत्तीर्णरेषा वेगळी असते. आणि 'एस' असूनही औषध चुकीचं ठरू शकतं. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत फारसं नाही. मूत्राशयापुरत्या त्रासाला छान; थंडीताप आणि कुशीतल्या दुखण्याला निरुपयोगी. प्रोटिअसवर तर ते चालतच नाही.

'ईएसबीएल' असा शेरा असेल तर जंतू असं विकर बनवतोय जे पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन फोडून टाकतं. त्यावर कार्बापेनेम वर्गाची इंजेक्शनं वापरतात. तीही फोडणारी विकरं आता आहेत. त्यातल्या एनडीएमचा पहिला शास्त्रीय अहवाल २००९ सालचा. जंतू होता क्लेब्सिएला आणि तो मिळाला होता युरिन इन्फेक्शनच्या रुग्णाकडून. हा जनुक डीएनएच्या एका सुट्या कड्यावर बसलेला असतो आणि एका जातीचा जंतू तो दुसऱ्या जातीला देऊ शकतो. म्हणून असा शेरा आला की रुग्णाला वेगळी खोली, वेगळं भांडं आणि प्रत्येक स्पर्शाआधी-नंतर हात धुणं हे पथ्य काटेकोर होतं.

उपचारात नळीचं काय

खरं इन्फेक्शन ठरलं की पहिला प्रश्न औषधाचा नसतो: नळी अजून हवी का? नको असेल तर काढायची. हवीच असेल आणि दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर औषध सुरू करताना बदलायची, नाहीतर बायोफिल्मचा साठा आत तसाच राहतो. औषधाला लवकर दाद देणाऱ्या बहुतेक रुग्णांना सात दिवस पुरतात. प्रतिसाद उशिरा आला तर दहा ते चौदा. कल्चर येण्याआधी अंदाजाने सुरू केलेलं औषध रिपोर्ट आल्यावर पुन्हा तपासावं. हे काम राहून जातं आणि ताकदवान इंजेक्शन उगाच पुढे चालू राहतं.

कॉटजवळ बसणाऱ्याने बघायच्या गोष्टी

पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. सर्वांत जास्त चूक होते ती एक्स-रेला नेताना: कुणीतरी पिशवी उचलून रुग्णाच्या पायांमध्ये स्ट्रेचरवर ठेवतं आणि पिशवीतली लघवी नळीतून मागे वाहते. निघण्याआधी पिशवी रिकामी करायची आणि स्ट्रेचरच्या खालच्या दांडीला अडकवायची. दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र भांडं, तोटी भांड्याला न टेकवता, हातमोजे घालून आणि आधी-नंतर हात धुऊन. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली असावी. ओढली गेली की अस्तर दुखावतं. नळीजवळची जागा रोज साबण-पाण्याने धुतली की पुरे, जंतुनाशक मलमांचा जास्तीचा फायदा दिसलेला नाही. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडायचा नाही.

आणि रोज राउंडला विचारायचं, 'नळी आज काढता येईल का?' लघवी अडकणं, अत्यवस्थ रुग्णाची तासातासाची लघवी मोजणं, काही ठरावीक ऑपरेशनं, लघवीने भिजणारी कमरेखालची खोल जखम, ही नळीची योग्य कारणं. अंथरूण ओलं होतं, उठायला जड जातं, ही नाहीत; त्यासाठी बेडपॅन, डायपर किंवा पुरुषांना बाहेरून बसवायची निरोधसारखी पिशवी आहे. ऑपरेशनसाठी घातलेली नळी कारण संपल्यावरही कुणाच्या लक्षात न येता राहते, हे फार होतं.

नळी काढल्यावर सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. झाली तर किती झाली ते मोजून सांगा. झाली नाही, थेंबथेंब होते आहे किंवा पोटाखाली फुगवटा लागतोय, तर सिस्टरना लगेच सांगा. मूत्राशयात किती साचलंय हे छोट्या सोनोग्राफी यंत्राने पाहता येतं, आणि गरज पडली तर तेवढ्यापुरती नळी घालून रिकामं करून ती लगेच काढून घेतात. पहिल्या दिवशी किंचित जळजळ चालते. दुसऱ्या दिवशीही ती वाढतच असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्या वेळी पाठवलेल्या कल्चरला खरा अर्थ असतो.